लाईट चालू असतानाचा थकवा: तुमचे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन (त्याच्या एकेका वेळेला रुग्ण 'लाईट' म्हणतात) घेणाऱ्या बायकांच्या थकव्याबद्दल इतकी पत्रं येतात आणि त्यांतले गैरसमज इतके सारखे असतात, की या वेळी फक्त त्यांनाच उत्तरं देते आहे.

माझे 15 पैकी 9 लाईट झाले. केमोत आला नव्हता इतका थकवा आता येतो. रोग पसरतोय का? (विरार)

थकवा वाढला म्हणजे रोग वाढला, असा हिशेब नसतो. रेडिएशनचा थकवा पहिल्या दिवशी येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो चढत जातो, शेवटच्या लाईटनंतरही आठवडा-दोन आठवडे जोरात असतो आणि मग बहुतेकींचा हळूहळू ओसरतो. रात्रभर झोपूनही अंगात त्राण येत नाही, हीच त्याची खूण. तुमची केमो आधी झाली आहे, म्हणजे शरीर दमलेलंच होतं. तरी दर आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांना हे सांगा आणि हिमोग्लोबिन पाहायला लावा. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. सगळं खापर लाईटवर फोडलं की तो तसाच राहून जातो.

आई लाईट घेऊन आल्यावर माझ्या बाळाला जवळ घेऊ शकते का? (घाटकोपर)

खुशाल घेऊ दे. बाहेरून मशीनने दिलेले किरण अंगात उरत नाहीत.

पत्नीला फार अशक्तपणा आला म्हणून 4 दिवस परळच्या रुग्णालयात लाईटला नेलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, शेकाने अंगात उष्णता साठते, मध्ये गॅप द्यावा. आता सोमवारपासून नेऊ का? (डोंबिवली)

सोमवारची वाट पाहू नका. आजच रेडिएशन विभागात फोन करा आणि उद्या त्यांना घेऊन जा.

आपण रेडिएशनला 'शेक' म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. हे एक्स-रेच्या जातीचे, पण कितीतरी जास्त ताकदीचे किरण आहेत. त्यांनी अंगात उष्णता साठत नाही. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्कपेशी उरल्या असतील, तर किरण त्यांच्यातला डीएनए तोडतात. आजूबाजूच्या निरोगी पेशींनाही इजा होते, पण पुढच्या लाईटपर्यंत त्या बऱ्याच सावरतात. कर्कपेशींना तितकं सावरता येत नाही. म्हणून डोस रोज थोडाथोडा, सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारची सुट्टी त्या आखणीतच धरलेली असते. तुम्ही दिलेली सुट्टी धरलेली नसते. तेवढ्या दिवसांत उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. पूर्वी 25 लाईट पाच आठवड्यांत देत. आता बऱ्याच जणींना 15 किंवा 16 तीन आठवड्यांत देतात, काहींना तर आठवड्यात 5 सुद्धा. लाईट जितके कमी, तितकं एकेका दिवसाचं मोल जास्त. चुकलेले दिवस कसे भरून काढायचे, हे डॉक्टर आणि किरणांच्या डोसचं गणित पाहणारे भौतिकतज्ज्ञ हिशेब करून ठरवतात. घरी बसून तो निर्णय कुणी घेऊ नये, शेजाऱ्यांनी तर नाहीच.

थकव्याने उपचार बंद पडायची वेळ आली, तर आधी आम्हा डॉक्टरांना गाठा. किती गोष्टी करता येतात! गर्दीची वेळ टळेल असा लाईटचा टाइम मागून पाहा. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांना प्रवास करता येतो, रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. रोजचं येणं-जाणं झेपतच नसेल, तर रुग्णालयातल्या समाजसेविकेला भेटा. बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहता येतं. जवळ राहणाऱ्यांसाठी काय सोय होईल, तेही तिलाच विचारा. उपचार मध्येच सोडल्यावर महिन्यांनी परत येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तेव्हा आमच्या हातात उरतं ते फार थोडं असतं.

रेडिएशन चालू असताना अंडी चालतात का? (लालबाग)

चालतात, पूर्ण शिजवलेली.

एका सेंटरने थकव्यासाठी 'रेडिएशन डिटॉक्स' ड्रिपचं पॅकेज सांगितलं आहे. गुळवेलीचा काढाही चालू आहे. (ठाणे)

पैसे भरले नसतील तर भरू नका. अंगात किरण उरतच नाहीत, मग हे लोक बाहेर काय काढणार? वर अशा ड्रिपमध्ये असू शकणारी मोठ्या डोसमधली अँटिऑक्सिडंट्स (पेशींची झीज रोखणारी द्रव्यं) किरणांच्या कामात अडथळा आणण्याची शक्यता असते, म्हणून आम्ही ती या काळात टाळायला सांगतो. गुळवेलीबद्दल म्हणाल, तर ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. काढा थांबवा आणि आजवर काय काय घेतलंत, ते न लपवता तुमच्या डॉक्टरांना सांगा. आम्ही रागावू या भीतीने लपवलेली बाटली जास्त नुकसान करते.

सासूबाईंना आम्ही पलंगावरून उतरू देत नाही, तरी त्या थकलेल्याच. (मुलुंड)

थोडं उतरू द्या. नुसतं पडून स्नायू ढिले पडतात आणि थकवा वाढतो. या थकव्यावर चालण्याइतका भक्कम पुरावा फार थोड्या उपायांना आहे. सुरुवात इमारतीच्या पॅसेजमध्ये दहा मिनिटांनी करा, मग झेपेल तसं अर्ध्या तासापर्यंत न्या. दुपारची झोप अर्धा तास, त्याहून जास्त नको. चालू द्या म्हणजे पाणी भरू द्या किंवा पोळ्या लाटू द्या असं नव्हे, ती कामं तुम्ही वाटून घ्या. रोग हाडांत गेला असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

लाईट संपून पाच महिने झाले, थकवा जात नाही. जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला आहे. पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. (गिरगाव)

तुम्ही थांबू नका. हा नेहमीचा थकवा मानून चालणार नाही. रेडिएशननंतर काही महिन्यांनी फुफ्फुसाला सूज येऊ शकते. केमोतल्या काही औषधांचा आणि ट्रास्टुझुमॅब या कर्करोगावरच्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल. मानेच्या बाजूला लाईट दिला असेल तर थायरॉईडही पाहतात. झोप, मनाची उदासी, हार्मोनच्या गोळ्यांचा त्रास, हेही बोला. उद्याच ओपीडीत जा, रेडिएशनची फाईल सोबत न्या. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं किंवा पाय सुजले, तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीला जा.