घरच्या कॉम्प्युटरला ईमेलमधून येणाऱ्या व्हायरसपासून आणि स्पॅमपासून कसं वाचवायचं?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: "घरात दोन मुलं आहेत, सारखी गेम खेळतात, त्यातूनच व्हायरस येत असणार. कुठला अँटिव्हायरस घ्यावा?" म्हणजे प्रश्न ईमेलचा आणि आरोपी मुलं. त्या ओळीमुळेच लिहायला बसलो, नाहीतर अँटिव्हायरसवर सांगणारे पुष्कळ आहेत.

तेवढं आधी सांगून टाकतो. विंडोज 10 किंवा 11 असेल तर त्यातलाच डिफेंडर हा अँटिव्हायरस घरच्या कामाला पुरतो. तो चालू आहे ना बघा आणि अपडेट 'नंतर' म्हणून ढकलत बसू नका. विकतचा घेतलात तरी माझी हरकत नाही, पण पैसे भरले म्हणजे सुटलो असं ज्या घरात समजतात, त्या घरात काय होतं ते मी बघितलंय.

आमचं एकत्र कुटुंब. काकांचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आणि घरी अशोक चौकाच्या मागं पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर. पार्ट्यांची येणी, टॉवेलची डिझाइनं, मालाचे फोटो, पत्रं, सगळं त्याच्यावर. संध्याकाळी तो माझ्या ताब्यात यायचा. 2016 साल, मी नववीला. अँटिव्हायरस विकतचा होता, वर्षाचे पैसे भरलेला. पडद्याच्या कोपऱ्यात त्याची हिरवी खूण दिसायची आणि सिद्धेश्वराच्या खालोखाल काकांचा विश्वास त्या खुणेवर.

वार्षिक परीक्षा चालू होती. गणिताचा पेपर देऊन घरी आलो तर काका खुर्चीत, शेजारी नवी पेठेतला कॉम्प्युटरवाला आणि पडद्यावर आमच्या गणपतीच्या फोटोच्या जागी इंग्रजी मजकूर: फायली कुलूपबंद केल्या आहेत, सोडवायच्या तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. प्रत्येक फायलीचं नाव गेलेलं, त्या जागी आकडे-अक्षरांची लांबलचक भेळ आणि शेवटी 'डॉट लॉकी'. त्या वर्षी जगभर धुमाकूळ घालणारा लॉकी व्हायरस तो हाच. आम्हाला कुठलं माहीत असायला.

काका माझ्याकडं वळून म्हणाले, "काय करूलालास बे ह्याच्यावर? गेम टाकू नको म्हणून सांगितलं होतं का नाही?" कॉम्प्युटरवाल्यानं लगेच री ओढली, "पोरं असली की असंच होतंय, मालक." झालं, निकाल लागला. त्याच संध्याकाळी मशीन फॉरमॅट झालं आणि माझा पासवर्ड बदलला.

पण फॉरमॅट व्हायच्या आधी मी फायलींच्या तारखा-वेळा बघून घेतल्या होत्या. सगळ्या फायली सकाळी अकरानंतर बदललेल्या. तेव्हा मी शाळेत बाकावर बसून प्रमेय सोडवत होतो. कारखान्याचा मेल ब्राउझरमधनं बघायचो, त्यामुळं तो सर्व्हरवर तसाच होता. नंतर उघडून बघितलं. विषयात 'इनव्हॉइस' आणि पुढं आकड्यांची रांग, पाठवणारा अनोळखी, सोबत वर्डची फाइल. काका त्या दिवशी कोइमतूरच्या सूतवाल्याच्या बिलाची वाट बघत होते. त्यांनी फाइल उघडली. आत सगळा अगम्य अक्षरांचा कचरा आणि वर एक ओळ: मजकूर नीट दिसत नसेल तर मॅक्रो सुरू करा. बिल नीट दिसावं म्हणून त्यांनी सुरू केलं. मॅक्रो म्हणजे वर्डच्या पोटातला छोटा प्रोग्रॅम. त्यानं इंटरनेटवरनं खरा व्हायरस ओढून आणला आणि तो कामाला लागला. अँटिव्हायरस गप्प, कारण तो मुख्यतः ओळखीचे चोर पकडतो आणि या टोळ्या माल थोडा थोडा बदलून पुन्हा पुन्हा सोडतात.

बॅकअप होता, असं काका आजही सांगतात. होता की. पेनड्राइव्हवर, सीपीयूच्या मागं कायम खोचलेला. लॉकीनं तोही कुलूपबंद केला. जे जोडलेलं दिसेल ते तो धरतो.

वेळांचा हिशोब मी काकांना दाखवला. म्हणाले, "घड्याळ पुढं-मागं असेल मशीनचं." विषय संपला. मागच्या वर्षी बहिणीच्या साखरपुड्यात नव्या व्याह्यांसमोर पुन्हा निघाला, "ह्यानं गेम खेळून आमच्या सगळ्या डिझाइनी घालवल्या." मी पानावरनं उठलो नाही इतकंच.

म्हणून सांगतो, घरात मेलवरनं व्हायरस आणणारा माणूस शोधायचा तर ज्याला बिलाची, कुरियरची, नोटिशीची घाई आहे त्याच्याकडं बघा. आमच्या घरात तो चाळिशी पार केलेला होता. बहुतेक घरांत असतो. शेंबड्या पोराला कोण इनव्हॉइस पाठवतंय?

आता त्या माणसाला काय शिकवायचं. पहिलं, फायलीचं पूर्ण नाव बघायला. विंडोज मुळात शेवटचे शब्द, म्हणजे पीडीएफ, ईएक्सई वगैरे, लपवून ठेवतं. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस जगभर पसरला तो याच लपवाछपवीचा फायदा घेऊन: नावात टीएक्सटी दिसायचं आणि त्याच्या मागं व्हीबीएस दडलेलं. एवढी वर्षं झाली, विंडोज 11 मध्येसुद्धा ती सोय तशीच आहे. कुठल्या शहाण्याला ती सोय वाटते कोण जाणे. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स दिसतील असं करा. मग बिल म्हणून आलेल्या फायलीच्या शेवटी ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, एससीआर असलं काही दिसलं तर हात लावू नका.

दुसरं, मेलवरनं आलेल्या वर्ड-एक्सेलमध्ये मॅक्रो सुरू करा असं कुणीही म्हटलं तरी करायचं नाही. मायक्रोसॉफ्टनं 2022 मध्ये इंटरनेटवरनं आलेल्या फायलींचे मॅक्रो आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. पण तुमच्याकडं कुणीतरी 'टाकून दिलेलं' जुनं ऑफिस असेल तर ते कवच तुम्हाला नाही. झिप फाइल आली आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिला असेल तर तो कारभार बहुधा अँटिव्हायरसच्या स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणूनच असतो.

तिसरं, पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका. नाव काय, कुणीही कुणाचंही लावतो. पत्ता उघडून बघा, आणि त्यातही इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवून एम भासवलेला असतो, तेव्हा चष्मा लावून बघा. मी आता हॉटगी रोडला एका सीएंकडं काम करतो, तिथं इन्कम टॅक्सच्या नावानं खोट्या नोटिसा घेऊन घाबरलेली माणसं येतात. लिंकवर जायचंच नाही. ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रांवर डिन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, असतो. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून उघडा आणि नोटीस खरी आहे का ते तिथं तपासा. पार्टीच्या मेलमध्ये अचानक नवा बँक खाते क्रमांक आला तर जुन्या नंबरवर फोन करून विचारा, मेलला उत्तर देऊन नव्हे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन. तिथं उशीर महागात पडतो.

स्पॅमचं विचारलंत, त्यावर फार काही नाही. तो पूर्ण थांबत नाही. बिल गेट्स 2004 मध्ये म्हणाले होते, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. नुसतं डिलीट करू नका, 'स्पॅम' म्हणून कळवा, म्हणजे फिल्टर शिकतो. ओळखीच्या दुकानाचा मेल असेल तर 'अनसबस्क्राइब' चालतं. अनोळख्याला ते केलंत तर पत्ता जिवंत आहे एवढं त्याला कळतं. मेलमधली चित्रं आपोआप उघडू देऊ नका, तीही तेच काम करतात. प्रदर्शनातल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर लिहायला वेगळा पत्ता ठेवा, बँकेचा वेगळा आणि बँकेच्या पत्त्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर फोनवरचा कोडही, लावा.

आता खरं तेही सांगायला हवं. फुकटातले क्रॅक केलेले गेम आणि 'चीट' यांतून व्हायरस येतात, भरपूर येतात. फक्त ते मेलमधून येत नाहीत आणि तुम्ही मेलचं विचारलंत. मुलांना ॲडमिन नसलेलं वेगळं खातं करून द्या. स्वतःलाही तसंच करा. हो, लॉकीसारख्याला त्यानं अडत नाही, तुमच्या फायली तुमच्याच खात्यातनं बंद होतात. आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, वर मी ते पुरतं म्हटलं त्याला एवढी पुस्ती जोडून घ्या. मशीन झेपत असेल तर 11 वर जा.

अँटिव्हायरसचे पैसे बाजूला ठेवले असतील तर त्यांची बाहेरनं लावायची हार्डडिस्क घ्या. दर रविवारी लावायची, कॉपी करायची, काढायची आणि कपाटात ठेवायची. मागं खोचून ठेवायची नाही. हे काम थोरल्या मुलाकडं द्या, तुम्ही विसराल, तो विसरणार नाही.