बॅडमिंटनचे साहित्य: पैसा आधी कशावर खर्च करावा?

हिवाळा लागला की गावोगावच्या शाळांच्या पटांगणांवर आणि तालुक्याच्या क्रीडा संकुलांत बॅडमिंटन सुरू होते आणि आमच्याकडे साहित्याविषयीची पत्रे येऊ लागतात. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी ‘कोणती रॅकेट घ्यावी’ असे विचारले आहे; पण आमच्या मते निम्म्याहून अधिक अडचणींचे मूळ रॅकेटमध्ये नसून फूल (शटलकॉक), गटिंग (रॅकेटमधील दोऱ्यांची ताणून केलेली विणणी) आणि बूट यांत आहे. उत्तरेही त्याच धोरणाने लिहिली आहेत.

प्रश्न: आम्ही आठ-दहा शिक्षक व शेतकरी मित्र जिल्हा परिषद शाळेच्या सिमेंटच्या पटांगणावर संध्याकाळी दिव्याखाली खेळतो. बाजारात मिळणारा दोन रॅकेटचा जोड महिना-दोन महिन्यांत मोडतो. वर्गणी काढून एकदाच नीट साहित्य घ्यायचे आहे. काय घ्यावे? (एक शिक्षक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर: आपण ज्या जोडाविषयी लिहिले आहे, त्यातील रॅकेटची चौकट आणि दांडी बहुधा लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि दोन्ही भाग मध्ये सांध्याने जोडलेले असतात. जोरात फटके बसू लागले की ती तेथेच सैल होते. मुलांनी अंगणात खेळण्यासाठी ती ठीक आहे. पण रोज तासभर खेळणाऱ्या प्रौढांनी चौकट व दांडी एकसंध असलेली ग्रॅफाइटची रॅकेट घ्यावी. साधारण दीड-दोन हजार रुपयांपासून अशी रॅकेट मिळते आणि हौशी खेळासाठी याहून महाग रॅकेटची गरज नाही. रॅकेटवर ‘४यू’ किंवा ‘३यू’ असे छापलेले असते, तो वजनाचा गट होय. ‘४यू’ म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम आणि ‘३यू’ म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम. आकडा वाढतो तसे वजन कमी होते. एकच रॅकेट अनेकांच्या हातांत फिरणार असेल तर ‘४यू’ घ्यावी आणि तिचा तोल डोक्याकडे, म्हणजे चौकटीच्या बाजूला, झुकलेला नसून मध्यावर असावा.

वर्गणीतील मोठा वाटा मात्र जाळी, खांब आणि फुले यांवर खर्च करावा, असा आमचा आग्रह आहे. अनेक गावांत व्हॉलीबॉलच्या खांबांना दोरीने बांधलेली जाळी मध्यभागी वीतभर लोंबलेली आम्ही पाहिली आहे. नियमाप्रमाणे जाळीची उंची खांबांजवळ १.५५ मीटर आणि मध्यभागी १.५२४ मीटर असते, म्हणजे फरक जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. लोंबलेल्या जाळीवर खेळण्याची सवय लागलेल्यांचे फटके खऱ्या जाळीवर अडकतात. त्यामुळे वरच्या पट्टीतून मजबूत दोरी ओवलेली, ताणून बांधता येईल अशी जाळी घ्यावी आणि १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद अशी दुहेरीची आखणी एकदा पक्क्या रंगाने करून टाकावी.

उघड्या पटांगणावर पिसांचे फूल नेऊ नये. ते वाऱ्याने भरकटते आणि सिमेंटवर घासून लवकर खराब होते. तेथे चांगल्या प्रतीचे नायलॉनचे फूलच योग्य. त्याच्या बुचावरील पट्टीचा रंग पाहून घ्यावा: हिरवी पट्टी संथ फुलाची, निळी मध्यम आणि लाल वेगवान फुलाची असते. आपल्याकडच्या उष्ण हवेत वर्षातील बहुतेक महिने हिरवे फूल चालते. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री ते जड वाटू लागले तर निळे वापरावे. जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१९ मध्ये मोकळ्या हवेतील खेळासाठी वारा सहन करणारे वेगळे फूलही आणले आहे. ते मिळाले तर जरूर वापरून पाहावे, पण त्यासाठी अडून राहू नये.

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या ठिकाणी टिनाच्या छताचे बंदिस्त कोर्ट आहे. हिवाळ्यात पिसांचे एक फूल दोन-तीन गेम टिकते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पहिल्या काही फटक्यांतच पिसे मोडतात आणि फूल सतत रेषेबाहेर जाते. दुकानदाराने निकृष्ट माल दिला असे समजावे काय? (एक खेळाडू, चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर: माल निकृष्ट असू शकतो, पण आपण सांगितलेल्या दोन्ही तक्रारी उन्हाळी हवेमुळेही उद्भवतात. त्यांची कारणे वेगवेगळी असल्यामुळे उपायही वेगळे आहेत.

आधी फूल लांब जाण्याविषयी. हवा तापली की विरळ होते. आपल्याकडे जानेवारीतील पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यातील दुपारचे ४५ अंशांवर जाते. एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे एक दशांशाने घटते. फुलाला अडवणारी हवाच कमी झाल्यामुळे तोच फटका अधिक लांब जातो, आणि तापलेल्या टिनाखाली हे अधिक जाणवते. म्हणूनच फुलांच्या नळकांड्यावर वेगाचा क्रमांक छापलेला असतो. ७५, ७६, ७७, ७८ हे आकडे मुळात ग्रेन या जुन्या मापातील वजनाचे आहेत. ७७ ग्रेन म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. काही कंपन्या त्याऐवजी १, २, ३, ४ असे क्रमांक देतात. आकडा लहान तितके फूल संथ. आपण बहुधा वर्षभर एकाच क्रमांकाची फुले घेत असाल. हिवाळ्यात ७७ किंवा ७८ आणि उन्हाळ्यात ७५ किंवा ७६ असा बदल करून पाहावा.

क्रमांक बरोबर आहे की नाही, याची चाचणी नियमातच दिलेली आहे. कोर्टाच्या मागील रेषेवर उभे राहून, फूल त्या रेषेच्या वर असताना, खालून वर असा पूर्ण ताकदीचा फटका बाजूच्या रेषेला समांतर मारावा. पलीकडच्या मागील रेषेच्या अलीकडे ५३ ते ९९ सेंटिमीटर अंतरात फूल पडले तर त्याचा वेग योग्य आहे. खेळायला येता त्याच वेळी ही चाचणी घ्यावी, कारण सकाळी ७ वाजता योग्य ठरलेले फूल संध्याकाळी ५ वाजता योग्य ठरेलच असे नाही. केवळ सरावापुरते, हाताशी वेगवान फुलेच उरली असतील, तर पिसांची टोके एकाआड एक बाहेरच्या बाजूला किंचित दुमडल्यास वेग कमी होतो. स्पर्धेत मात्र खेळाडूने स्वतः असे करू नये.

आता पिसे मोडण्याविषयी. एका फुलात १६ पिसे असतात. ती हंसाच्या किंवा बदकाच्या पंखांतील असून एका फुलात एकाच बाजूच्या पंखांची पिसे लावतात, म्हणजे सर्व पिसांचा बाक एकाच दिशेला राहतो. या पिसांच्या दांड्यांत थोडा ओलावा असतो तोवर त्या वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. विदर्भातील उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की हा ओलावा निघून जातो आणि दांडी वाकण्याऐवजी कट् असा आवाज करून तुटते. मोडलेले पीस नखाने वाकवून पाहावे: ते करकरीत तुटले तर दोष कोरडेपणाचा आहे. ओलावा असूनही दांडी मऊ आणि चपटी लागत असेल, तर मात्र दुकानदाराशी बोलण्यास आपल्याला आधार आहे.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. खेळण्याच्या आदल्या रात्री एका पातेल्यात पाणी उकळावे. नळकांड्याची दोन्ही झाकणे काढून ते वाफेवर आठ-दहा सेकंद उभे धरावे. पिसांची बाजू खाली आणि बुचे वर असावीत. लगेच दोन्ही झाकणे लावून नळकांडे रात्रभर आडवे ठेवावे. वाफ जास्त झाली तर पिसे जड व मऊ होतात आणि बूच भिजले तर फुलाचा तोल बिघडतो, म्हणून सेकंद मोजूनच वाफ द्यावी. घरात पाण्याचा कूलर चालू असेल तर नळकांडी त्याच खोलीत ठेवावीत. तेथील दमट हवेचा उपयोग होतो. मोटारसायकलच्या डिकीत किंवा टिनाच्या खोलीतील कपाटात ती कधीही ठेवू नयेत.

एवढे करूनही मे महिन्यातील दुपारी रोजच्या सरावासाठी पिसांची फुले परवडणार नाहीत. अशा वेळी अर्धा सराव नायलॉनच्या फुलाने करावा आणि जाळीजवळचे नाजूक फटके व सामने यांसाठी पिसांचे फूल राखून ठेवावे.

प्रश्न: माझी १३ वर्षांची मुलगी शालेय स्पर्धेत तालुक्यातून जिल्ह्यावर निवडली गेली आहे. ती मालविका बन्सोडची चाहती आहे आणि मोठे खेळाडू वापरतात तशीच महागडी, डोक्याकडे जड असलेली रॅकेट हवी म्हणते. एका परिचिताने ३० पौंडांवर (म्हणजे दोऱ्यांना तेवढा ताण देऊन) गटिंग करून घ्या, असे सांगितले आहे. आमचे संत्र्याचे उत्पन्न यंदा बेताचेच आहे. पण तिच्या खेळाला कमी पडू द्यायचे नाही. (एक पालक, वरूड, जि. अमरावती)

उत्तर: नागपूरच्या मालविका बन्सोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपन स्पर्धेत सायना नेहवालला हरवले, तेव्हापासून विदर्भातील अनेक मुलींनी रॅकेट अधिक आत्मविश्वासाने हातात धरली आहे. आपल्या मुलीचा उत्साह मोलाचा आहे आणि त्याला धक्का न लावता तिला पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात.

३० पौंडांचा सल्ला कृपया मानू नये. रॅकेटवर छापलेला ‘३० पौंडांपर्यंत’ हा आकडा चौकटीची सहनशक्ती सांगतो, खेळाडूला काय योग्य आहे ते सांगत नाही. गटिंग जितके घट्ट, तितका फुलाला नेमका उसळवणारा मधला भाग लहान होतो आणि फूल लांब पाठवण्यासाठी स्वतःची ताकद अधिक लावावी लागते. वर्षानुवर्षे रोज सराव करणाऱ्या, मनगट तयार झालेल्या खेळाडूंना त्यातून नेमकेपणा मिळतो. वाढत्या वयातील मुलीला मात्र खांद्याचे आणि कोपराचे दुखणे मिळण्याची शक्यता अधिक. तिच्यासाठी २० ते २३ पौंड पुरेसे आहेत. तिचे प्रशिक्षक तिचा खेळ पाहून पुढे एकेक पौंडाने वाढवतील.

डोक्याकडे जड रॅकेटने स्मॅश जोरदार बसतो हे खरे. पण बचाव करताना आणि जाळीजवळ तीच रॅकेट उशिरा फिरते. १३ वर्षांच्या मुलीचा खेळ अजून घडतो आहे, त्यामुळे मध्यम तोलाची, ‘४यू’ किंवा ‘५यू’ वजनाची आणि जरा लवचीक दांडीची रॅकेट तिला सर्व फटके शिकू देईल. मुठीचा आकार ‘जी५’ असल्यास उत्तम. या पद्धतीत आकडा मोठा तितकी मूठ बारीक. मूठ धरल्यावर बोटांची टोके आणि तळव्याचा फुगीर भाग यांत थोडी फट राहिली पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे असे की एका महागड्या रॅकेटच्या पैशांत अडीच-तीन हजारांच्या दोन सारख्या रॅकेट घ्याव्यात आणि दोन्हींचे गटिंग सारख्याच पौंडांवर करावे. सामन्यात गटिंग तुटले तर दुसरी रॅकेट उचलून लगेच पुढे खेळता आले पाहिजे. उसनी रॅकेट घेऊन खेळावे लागलेल्या ग्रामीण मुली आम्ही जिल्हास्तरावर पाहिल्या आहेत. तेथे त्यांचे कौशल्य नव्हे, तयारी कमी पडते. त्याचबरोबर स्पर्धेत पिसांचे फूल असणार की नायलॉनचे, आणि कोणत्या क्रमांकाचे, हे आयोजकांकडून आधीच विचारून घ्यावे आणि निदान पंधरा दिवस त्याच फुलाने सराव करावा. केवळ नायलॉनवर खेळलेल्या मुलीला पिसांचे फूल वेगळेच वाटते: ते रॅकेटवरून सुटताना वेगवान असते आणि पुढे झपाट्याने मंदावून जवळपास सरळ खाली पडते.

प्रश्न: आमच्या गावापासून गटिंग करणारा ६० किलोमीटरवर आहे. गटिंग अधिक दिवस टिकावे यासाठी काय करावे? आणि धावण्याचे बूट घालून खेळले तर चालते काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, मेहकर तालुका, जि. बुलडाणा)

उत्तर: गटिंगसाठी ०.७० मिलिमीटर जाडीची दोरी मागावी. ०.६६ किंवा त्याहून बारीक दोरीने फटक्याचा आवाज आणि उसळी छान मिळते. पण ती लवकर तुटते, आणि ६० किलोमीटरची खेप पाहता आपल्याला ती परवडणार नाही. चौकटीच्या छिद्रांत बसवलेल्या प्लास्टिकच्या नळ्या तडकल्या असतील तर त्या त्याच वेळी बदलून घ्याव्यात, अन्यथा नवी दोरी छिद्राच्या कडेवर घासून तुटते. दोरी तुटली तर उरलेल्या दोऱ्याही मधोमध सुरुवात करून लगेच कापून टाकाव्यात, कारण एका बाजूचा ताण गेला की चौकट वाकडी होऊ शकते. रॅकेट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवली तर गटिंग न तुटताही सैल पडते.

धावण्याचे बूट घालू नयेत. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, कारण ते सरळ पुढे धावण्यासाठी बनवलेले असतात. बॅडमिंटनमध्ये पाय सतत आडवा टाकावा लागतो आणि तेव्हा घोटा मुरगळतो. कच्च्या रबराचा, सपाट, कोर्टावर डाग न पाडणारा तळ असलेले बूट घ्यावेत आणि रस्त्यावर चालताना ते वापरू नयेत, म्हणजे धुळीने त्यांची पकड जाणार नाही. पैसे मोजकेच असतील तर रॅकेट जुनी चालेल, पण बूट योग्य घ्यावेत.

प्रश्न: ऑनलाइन निम्म्या किमतीत नामांकित कंपनीची रॅकेट दिसते. ती घ्यावी काय? (एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर: नामांकित कंपन्यांच्या नकली रॅकेट बाजारात मोठ्या प्रमाणावर आहेत आणि निम्मी किंमत हे त्यांचे पहिले लक्षण आहे. कंपनीचा अधिकृत विक्रेता असल्याची खात्री झाल्यावरच पैसे भरावेत. रॅकेट हातात आल्यावर दांडीवरील क्रमांक, रंगाची सफाई आणि अक्षरांची ठेवण पाहावी, शक्य असेल तर सोनाराच्या किंवा किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करावे. ‘४यू’ लिहिलेली रॅकेट ९५ ग्रॅम भरली तर ती निश्चित परत करावी. चौकटीवरून अंगठा हळूच फिरवून भेग किंवा उंचवटा तपासावा. ही सर्व तपासणी गटिंग करण्यापूर्वी करावी आणि बिल जपून ठेवावे, कारण गटिंग केलेली रॅकेट परत घेण्यास विक्रेता सहसा तयार होत नाही.