तुझा डाव झाला का?

गेल्या अंकात ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ या खेळाचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता. १९९९ साली अमेरिकेतल्या न्यू वर्ल्ड कंप्युटिंगने काढलेला हा खेळ. किल्ला बांधायचा, सैन्य जमवायचं, नकाशावर फिरायचं आणि सगळं आळीपाळीने: आधी तुमचा डाव, मग समोरच्याचा. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. या वेळचं पान त्यांच्यासाठीच ठेवलं आहे.

प्रश्न: माझं वय ४३. २००१-०२च्या सुमारास मी आणि धाकटा भाऊ रात्र रात्र हा खेळ खेळायचो. तो आता टोरांटोला असतो. गेल्या दिवाळीत मी खेळ पुन्हा विकत घेतला. संगीत सुरू झालं आणि डोळे भरून आले. पण तिसऱ्या संध्याकाळी बंद केला, मन लागेना. खेळ जुना झाला की मी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: दादा, तुम्ही लिहिलं नाहीत, पण संगणकाविरुद्ध खेळलात ना? मला वाटतं, बिनसलं ते तिथेच.

आमच्या सांगलीच्या घरी २००० साली पहिला कॉम्प्युटर आला. रॅम ६४ एमबी. खेळाला ३२ पुरत होती, म्हणून भाऊ आणि मी स्वतःला श्रीमंत समजायचो. खुर्ची एकच होती. दुसऱ्यासाठी स्वयंपाकघरातलं स्टूल. खेळात ‘हॉट सीट’ नावाची सोय होती: एकाच मशीनवर, एकामागून एक. आपला डाव झाला की वाळूच्या घड्याळाचं बटण दाबायचं, की पडदा झाकला जायचा आणि पुढच्याच्या रंगाचं निशाण यायचं. मी लाल, भाऊ निळा. मग खुर्चीवरून उठायचं, स्टुलावर जायचं आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. हा आमचा नियम होता, खेळाचा नव्हे. दुसऱ्याचा नकाशा बघायचा नाही. आजी माजघरातून विचारायची, “आत्ता राज्य कुणावर आहे?” तिला लपाछपीतलं राज्य म्हणायचं असायचं.

भिंतीकडे तोंड करून मी काय करायचे? हिशेब. दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर. कॅपिटॉल ही इमारत बांधली की रोज ४००० सोन्याची नाणी. एका एंजल सैनिकाला ३००० नाणी आणि एक रत्न. किल्ला पूर्ण बांधलेला असेल तर आठवड्याला दोन एंजल. नवं सैन्य फक्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी येतं, त्या दिवसाला आम्ही ‘सोमवार’ म्हणायचो. मग सोमवारपर्यंत किती नाणी जमतील, गंधकाची खाण आधी घ्यावी की रत्नांची, भाऊ बोगद्यातून येईल की पुलावरून? पाठीमागे माउसच्या टिचक्या ऐकू यायच्या. भरभर वाजल्या की तो नुसता फिरतोय. थांबल्या की काहीतरी शिजतंय.

एकदा त्या टिचक्या खूप वेळ थांबल्या. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “ताई, बघ आता.” त्याने सैन्यात नुसते काळे ड्रॅगन ठेवले होते. काळ्या ड्रॅगनवर कुठलीही जादू चालत नाही. आणि त्याच्या हिरोला, म्हणजे सेनापतीला, आर्मागेडन ही जादू येत होती, ती रणांगणावरच्या सगळ्यांना भाजून काढते, आपल्यालाही आणि परक्यालाही. माझे नेमबाज पहिल्याच फेरीत गेले, ग्रिफिन त्यांच्या मागोमाग. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आज इतक्या वर्षांनी सांगते, तसा सुंदर डाव मी पुन्हा पाहिला नाही.

संगणक आपला डाव काही क्षणांत उरकतो. तो शेजारी बसून आवंढा गिळत नाही, दोन दिवसांचा अबोला धरायला लावत नाही. मला तरी वाटतं, आठवण येते ती चित्रांची कमी आणि स्टुलावरच्या त्या वाट बघण्याची जास्त. तुम्हाला संगीताने रडवलं, कारण ते वाजायचं तेव्हा शेजारी भाऊ असायचा.

म्हणून उपाय सांगते. हॉट सीटचाच नवा खेळ सुरू करा, दोन माणसांचा. मधला नकाशा घ्या, ७२ बाय ७२ चौकटींचा. पहिल्यांदा मोठा घेऊ नका, त्यात दोघांच्या सैन्यांची महिनोन्‌महिने भेट होत नाही. तुमचा डाव संपवा, भावाचं निशाण आलं की त्याच्या डावाच्या सुरुवातीला सेव्ह करा आणि ती फाइल त्याला मेलने पाठवा. तो त्याचा डाव खेळेल आणि फाइल परत पाठवेल. दोघांकडे खेळाची आवृत्ती मात्र एकच हवी. टोरांटो आपल्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे आहे. म्हणजे तुम्ही झोपलात की त्याचा डाव. सकाळी चहाबरोबर फाइल. त्याने तुमचा नकाशा उघडून बघितला तर तुम्हाला कळणार नाही, हे खरं. पण भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस तरी कधी मान वळवत होता की नाही, हे कुठे कळत होतं? तोच विश्वास इथे लागतो.

इंटरनेटवरून थेट खेळायची सोयही आहे, चाहत्यांनी केलेल्या एचडी मॉडमध्ये (मूळ खेळावर घालायच्या जोडात) लॉबी, म्हणजे खेळाडूंनी जमायची जागा, आहे आणि दोघांचे डाव एकाच वेळी चालू शकतात. वेळ वाचतो. तरी मी तुम्हाला फाइलचाच मार्ग सांगेन. माझा भाऊ बंगळुरूला असतो. लॉकडाउनपासून आमचं असंच चालू आहे. फाइलबरोबर तो एक ओळ लिहितो, “ताई, बघ आता.” बऱ्याचदा काहीच केलेलं नसतं.

प्रश्न: मी एचडी आवृत्ती घेतली. पण ‘शॅडो ऑफ डेथ’च्या मोहिमा त्यात सापडत नाहीत. नकाशा आपोआप तयार करायची सोयही दिसत नाही. माझं काही चुकतंय का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तुमचं काही चुकत नाही, त्या तिथे नाहीतच. २०१५ साली आलेल्या एचडी आवृत्तीत फक्त मूळ खेळ आहे. ‘आर्मागेडन्स ब्लेड’ (१९९९) आणि ‘शॅडो ऑफ डेथ’ (२०००) या दोन्ही पुरवण्या त्यात नाहीत. नकाशा तयार करणारं यंत्र पहिल्या पुरवणीबरोबर आलं होतं, म्हणून तेही नाही.

तुम्हाला हवी ती ‘कंप्लीट’ आवृत्ती, जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर मिळते. त्यावर एचडी मॉड घातलं की आजच्या रुंद पडद्यावर खेळ नीट बसतो. नावं सारखी असल्यामुळे घोटाळा होतो: एचडी आवृत्ती वेगळी, एचडी मॉड वेगळं. मॉड फुकट आहे.

प्रश्न: आमच्या ह्यांना हा खेळ दहा वर्षांच्या मुलीला शिकवायचा आहे. त्यात सांगाडे, भुतं, राक्षस आहेत. शिवाय तिचं इंग्रजी अजून कच्चं आहे. शिकवू द्यावा का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: ताई, शिकवू द्या, आणि जमलं तर तुम्हीही स्टूल ओढून बसा. सांगाडे आहेत, पण बुद्धिबळातल्या प्यादी-हत्तींसारखे छोटे, षट्कोनी घरांवर उभे असलेले. रक्ताचा फारसा पसारा नाही. मुलगी भित्री असेल तर नेक्रोपोलिस हे सांगाड्या-भुतांचं नगर तेवढं मागे ठेवा. रॅम्पार्ट या नगरापासून सुरुवात करा: हिरवं रान, सेंटॉर, बुटके, पेगॅसस, युनिकॉर्न.

इंग्रजीची चिंता नको. कुठल्याही गोष्टीवर माउसचं उजवं बटण दाबून धरलं की तिची माहिती समोर येते. माझ्या भाचीने ‘अटॅक’, ‘डिफेन्स’, ‘स्पीड’ हे शब्द असेच उचलले. गुणाकारही. “एका भालेवाल्याला दहा आयुष्य, मग चाळीस भालेवाल्यांना किती?” हा प्रश्न पाठ्यपुस्तकात आला असता तर तिने तोंड वाकडं केलं असतं.

एक मात्र सांभाळा. ‘एक डाव अजून’ या मागणीला या खेळात अंत नाही, मोठ्यांनाही नाही. आमच्याकडे आई म्हणायची, “आठवडा संपला की जेवायला.” खेळातला आठवडा, सात डाव. ती वेळ आम्ही पाळायचो, कारण ती खेळाच्या भाषेत सांगितलेली असायची.

प्रश्न: मी १९ वर्षांचा आहे. बाबा म्हणतात यापेक्षा चांगला खेळ झालाच नाही. मी पाहिला, चित्रं जुनाट वाटली. पुढे त्याचे कितीतरी भाग आले. मग सगळे तिसऱ्याशीच का अडकलेत? (एक वाचक, अमरावती)

उत्तर: तुझ्या बाबांच्या आणि माझ्या वयाला त्या उत्तरात थोडी जागा सोड. पण सगळंच वयावर ढकलू नकोस. पोलंड-रशियात आजही हा भाग जीव लावून खेळला जातो, आणि त्यातले कितीतरी जण हा खेळ आला तेव्हा जन्मलेही नव्हते.

हा खेळ एकदम उगवला नाही. न्यू वर्ल्ड कंप्युटिंगच्या जॉन व्हॅन कॅनेगमने १९९० मध्ये ‘किंग्ज बाउंटी’ केला, त्यातून १९९५ मध्ये पहिला ‘हीरोज’, १९९६ मध्ये दुसरा. दुसऱ्यातल्या नगरांच्या संगीतात ऑपेराचे आवाज आहेत, ते नक्की ऐक. तिसऱ्यात हे सगळं मुरलं. हिरोच्या सैन्यात सात जागा, संपत्तीचे सात प्रकार, दिवसाला नगरात एकच इमारत. एवढंच डोक्यात ठेवायचं. नियम डोक्यात मावतात, म्हणून आंघोळ करतानाही डाव रचता येतो. नव्या खेळांत मला हे क्वचित जमतं.

आणि नगराचं चित्र. बांधलेली प्रत्येक इमारत त्यात येऊन बसते, रिकाम्या डोंगरावर तुझ्या डोळ्यांसमोर शहर उभं राहतं. मागे पॉल रोमेरो आणि रॉब किंग यांचं संगीत. तू चित्रं जुनाट म्हणतोस. त्याऐवजी एक महिना खेळून तुझं नगर पुन्हा बघ. ते तुझं झालेलं असेल.

चौथा भाग २००२ मध्ये आला. त्यात हिरो स्वतः रणांगणात उतरतो. पुष्कळांनी नाकं मुरडली. मला त्यातलं धाडस आवडतं, कथाही. पण २००३ मध्ये प्रकाशक कंपनी थ्रीडीओ दिवाळखोरीत गेली आणि तो धागा तुटला. पुढचे भाग दुसऱ्यांनी केले. तिसऱ्या भागाला पुढे नेलं ते चाहत्यांनी. रशियन बोलणाऱ्या मंडळींनी ‘हॉर्न ऑफ द अबिस’ ही पुरवणी केली, त्यात कोव्ह हे चाच्यांचं नगर घातलं आणि पुढे फॅक्टरी. जुन्या चित्रांशी इतकं मिसळलंय की शिवण दिसत नाही.

तुला नवं काही हवं असेल तर याच कुळातला ‘एज ऑफ वंडर्स’ बघ. त्याचाही पहिला भाग १९९९चाच, आणि चौथा २०२३ मध्ये आला, त्याच डच स्टुडिओकडून. खिशात पैसे नसतील तर ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ पूर्ण फुकट आहे. पण आधी बाबांबरोबर एक हॉट सीट खेळ. हरशील.

प्रश्न: २००४ मध्ये मी आणि थोरली बहीण खेळत होतो. तिचं लग्न ठरलं आणि डाव अर्धवट राहिला. तो कॉम्प्युटर माळ्यावर आहे, सुरू होत नाही. तो डाव परत मिळेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: मिळायची शक्यता चांगली आहे, पण घाई करू नका. जुनं मशीन सारखं चालू-बंद करून बघू नका. हार्ड डिस्क काढून घ्या. त्या काळची असेल तर रुंद, चपट्या पट्टीची आयडीई डिस्क असेल. तिला यूएसबीला जोडायचा कनेक्टर मिळतो. तपकीर गल्लीत, पासोड्या विठोबाजवळ चौकशी करा. घेताना त्याबरोबर विजेचा वेगळा अडॅप्टर आहे ना ते बघा, मोठ्या डिस्कला नुसत्या यूएसबीची वीज पुरत नाही. जोडल्यावर डिस्क टक्‌टक्‌ वाजू लागली तर लगेच बंद करा आणि डेटा परत काढून देणाऱ्या माणसाकडे न्या.

नीट फिरली तर खेळाचा अख्खा फोल्डर आधी उतरवून घ्या. सेव्ह केलेले डाव त्यात ‘गेम्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. तेव्हा जी आवृत्ती खेळत होतात, तीच आत्ताही घाला, पुरवणीसकट, म्हणजे फाइल कुरकुर करणार नाही.

उघडला की पडद्याच्या तळाशी उजवीकडे महिना, आठवडा, दिवस दिसेल. कुठे थांबला होतात ते कळेल. पण त्याच्या आधी रंगाचं निशाण येईल. ते तुमचं असेल तर खेळा. ताईंचं असेल तर माउसला हात लावू नका, फोन लावा.