नावावरून वंश ओळखला गेल्यास मुलाचे नुकसान होते का?

अमेरिकेपुरते बोलायचे तर, होऊ शकते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कृष्णवर्णीय अस्मितेच्या चळवळीने जोर धरल्यानंतर अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे मुलांना जाणीवपूर्वक वेगळी नावे देऊ लागली, आणि त्यामुळे केवळ नाव वाचून वंशाचा तर्क करणे लोकांना सोपे झाले. बॉस्टन व शिकागो येथील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे काल्पनिक अर्ज पाठवून केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमिली, ग्रेग यांसारख्या गोऱ्या वाटणाऱ्या नावांना लकीशा, जमाल यांसारख्या कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. तरीही एवढ्यासाठी आवडते नाव टाळावे, असे मला वाटत नाही. पूर्वग्रह अर्ज चाळणाऱ्याचा असतो, आणि तो पत्त्यावरून किंवा आडनावावरूनही जागा होऊ शकतो.