आबाजींची बोली, तान्हा पोळा आणि ओव्हनमधले रोडगे

घर झालं, गाडी झाली, पोरं शाळेत रमली, तरी कुणाच्या तरी घरी पाहुणे उतरल्यासारखं वाटतं. विदर्भातल्या आर्वी, दर्यापूर, मेहकरकडच्या खेड्यांतून परदेशात गेलेल्या घरांची ही नेहमीची तक्रार. मग वर्षातून एकदा महाराष्ट्र मंडळाचा गणपती होतो. जरूर जा, पण तिथे मोदक मिळतील, रोडगे (कणकेचे भाजलेले पदरी गोळे) मिळणार नाहीत. आपल्या गावचं जे आहे ते घरातच करावं लागतं.

सुरुवात बोलीपासून. नवरा-बायको आपसात वऱ्हाडी बोलतात आणि पोरांशी पुस्तकी मराठी. मग फोनवर आजी म्हणते, ‘‘काय करून राह्यला रे बाप्पा?’’ आणि पोट्टा आईच्या तोंडाकडे पाहतो. ‘शुद्ध’ शिकवायचा हट्ट सोडा. पोरांना दोन्ही जमतं.

फोनची वेळ ठरलेली हवी. खेड्यात जेवणं लवकर होतात, म्हणून भारतातली संध्याकाळी ७ ची वेळ बरी. उन्हाळ्यात तेव्हा लंडनला दुपारचे अडीच आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजतात. हिवाळ्यात दोन्हीकडे एक तास आधी. तिकडची घड्याळं बदलतात, आपली नाही, आणि मार्च, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेमका इथेच घोळ होऊन आबाजी, म्हणजे आजोबा, वाट पाहत बसतात. ‘कसे आहात’ला ‘बरे आहोत’ एवढंच उत्तर येतं, म्हणून फ्रिजवर शेतीचा कागद लावा: जूनमध्ये पेरणी, दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची काढणी, दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी, जानेवारीत तूर. पोरानं ‘‘आबाजी, पऱ्हाटीले बोंडं आले काय?’’ (पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड) एवढं विचारलं, की फोन अर्धा तास चालतो.

सणांत तान्हा पोळा निवडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा हा पोरांचा सण. जवळच्या शनिवारी केला तरी कुणी रागावत नाही. चाकं असलेला वीतभर लाकडी बैल गावाहून आणा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाताना लाकडी वस्तू कस्टम्सच्या फॉर्मवर लिहावीच लागते. साल राहिलेली किंवा किडीची भोकं असलेली तर अडकतेच. चार-पाच घरं ठरवून घ्या. पोरांनी बैल ओढत प्रत्येक दारी जायचं, तिथे बैलाला ओवाळायचं आणि पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, ठेवायचा. नाणंच द्या, पाकीट नको. खुळखुळल्याशिवाय मजा नाही. एखादी झडती (पोळ्याला म्हणायचं गाणं) पाठ असावी, निदान ‘हर बोला हर हर महादेव’ तरी जोरात.

आणि रोडगे. गोवऱ्यांचा धूर मिळणार नाही, ते मनातून काढून टाका. बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये कोळसा पेटवू नका, विषारी वायू कोंडतो. ओव्हन पुरतो. सहा जणांना पाऊण किलो कणीक आणि पाव किलो जाड रवा. दुकानातलं पीठ फार बारीक असतं, रव्याशिवाय रोडगा चिवट होतो. अर्धी वाटी तेलाचं मोहन, ओवा, मीठ. पुरीपेक्षा घट्ट भिजवून वीस मिनिटं झाका. एका रोडग्याला लहानमोठ्या तीन जाड पोळ्या लाटा. सगळ्यात लहान पोळीला तेल लावून तिचा गोळा करा, तो दुसरीत गुंडाळा, मग तिसरीत, आणि तोंड नीट दाबून बंद करा. तेल कमी पडलं तर पदर सुटत नाहीत, गोळा दगड होतो.

१९० अंशांवर २५ मिनिटं, उलटवून १७० वर आणखी २०-२५. पंख्याचा ओव्हन असेल तर दोन्ही वेळा २० अंश कमी. घाईनं २३० वर ठेवला की बाहेर करपतो आणि आत पीठ कच्चं राहतं. एक फोडून पाहा. मधला पदर ओला दिसला तर बाकीचे दहा मिनिटं परत ठेवा. कापडात गुंडाळून थोडं थांबा, मग हातानं कुस्करून वर तूप.

सोबत वांग्याची भाजी, तर्रीवाली. तिकडची मोठी जांभळी वांगी पाणचट असतात, फोडी विरघळून भरीत होतं. भारतीय दुकानात लहान, काटेरी देठाची मिळाली तर तीच घ्या.