कासवाला रोज हातात घ्यायची गरज नाही, ऊन मात्र रोज पाहिजे

ताई, तुमची अडचण समजली. पोरगा होस्टेलला गेला आणि त्यानं नागपूरहून आणलेलं कासव तुमच्या गळ्यात पडलं. दिवसभर तुम्ही शेतात. संध्याकाळी टबापाशी गेलं की ते बुडी मारून कोपऱ्यात दडतं. त्यात शेजारची बाई म्हणते, रोज हातात घेऊन लाड केले नाहीत तर कासव झुरून मरतं. आता सोयाबीन काढणी तोंडावर, मग कापूस वेचणी, त्याच्यासाठी वेळ काढायचा कुठून, असं तुम्ही विचारलंय.

आधी मनावरचं ओझं उतरवा. हातात न घेतल्यानं कासव झुरत नाही. हातात घेणं त्याला आवडतच नाही, फार तर ते सहन करतं. तुमच्या फोटोत डोळ्यामागं लाल पट्टा दिसतो, म्हणजे हे रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. ही कासवं एका ओंडक्यावर दाटीनं ऊन खात बसतात, पण ती सोबतीसाठी नव्हे, उन्हाची जागा तेवढीच असते म्हणून. मादी अंडी मातीत पुरून निघून जाते, पिल्लाला आई माहीतच नसते. कुत्र्याचं पिल्लू एकटं ठेवलं तर रात्रभर रडतं, कारण ते टोळीत वाढणारं जनावर आहे. कासवाच्या घडणीत ती भूकच नाही.

तुम्ही गेलं की ते दडतं, त्याचंही कारण साधं आहे. पाण्यातल्या कासवासाठी वरून आलेली सावली म्हणजे बगळा नाहीतर घार. तुम्ही टबावर वाकता तेव्हा त्याला तेच दिसतं. बाजूनं या, खाली बसा, आणि खाणं रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात टाका. काही आठवड्यांत तेच तुमची चाहूल लागली की पोहत काठाशी येईल. याला कुणी प्रेम म्हणतं, कुणी भूक. मी भूकच म्हणतो, पण म्हणून ते मठ्ठ आहे असं समजू नका. लाल पायांच्या कासवांवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आडोशाला वळसा घालून खाण्यापर्यंत जायचं होतं. एकट्यानं प्रयत्न करणाऱ्यांना ते जमलं नाही, पण दुसऱ्या कासवाला जाताना पाहिलेल्यांना जमलं. हे जनावर बघतं, शिकतं, ओळख ठेवतं. त्याला कुरवाळून घ्यायचं नसतं, एवढंच.

उचलल्यावर ते 'फुस्स' करतं तो राग नसतो. डोकं आणि पाय झटक्यात आत ओढले की फुफ्फुसातली हवा बाहेर पडते, तिचा तो आवाज. पाय झाडणं, अंगावर पाणी सोडणं ही घाबरल्याची खूण. आणि हातात निपचित पडलं तर लोक म्हणतात, बघा कसं शांत झालं. बहुतेकदा ते भीतीनं गोठलेलं असतं. नागपंचमीला गारुडी टोपलीतून नाग काढायचा तेव्हाही लोक असंच म्हणायचे, देवाचा नाग, काही करत नाही. दात काढलेला, उपाशी, तहानलेला साप काय करणार?

उचलायची वेळ येतेच, पाणी बदलताना, कवच तपासताना. तेव्हा दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधोमध, बाजूंनी धरा. शेपटीला किंवा पायाला धरून कधीच नाही. जमिनीलगत बसूनच उचला, नखं लागली की माणूस दचकून सोडून देतो. कवच म्हणजे वरून घातलेली पेटी नव्हे, ते त्याच्या पाठीच्या कण्याचं आणि बरगड्यांचंच हाड आहे, त्यात नसा आहेत. वट्ट्यावरून फरशीवर पडलं तर तडकतं. पोट्टे त्याला उताणं करून फिरवतात, तेही बंद करा.

आता खरं लक्ष कुठं द्यायचं ते सांगतो, कारण झुरण्याचा विषय सोडला तरी ही कासवं मरतात, आणि बहुतेक मरतात ती उष्णता, ऊन, पाणी आणि खाणं या चार गोष्टींपायी.

सरपटणाऱ्या जनावराचं अंग स्वतः गरम होत नाही. बाहेरच्या उष्णतेवर त्याचं पोट चालतं, थंडीत खाल्लेलं तसंच आत पडून राहतं. तुमच्या कासवाला पाणी साधारण २४ ते २८ अंश आणि पाण्याबाहेर चढून पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा ३० ते ३५ अंशांची लागते. त्याच्या टबात मला चढायला काहीच दिसत नाही. एक वीट आणि त्यावर तिरपी फरशी आजच टाका. हे सगळ्यात आधी.

दुसरं ऊन. सूर्याच्या किरणांतला यूव्हीबी भाग अंगावर पडला की जीवनसत्त्व ड३ तयार होतं, त्याशिवाय खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग कवच मऊ पडतं, वाकडं होतं, पाय दुबळे होतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी कुचकामी, काच यूव्हीबी अडवते. शहरात लोक यासाठी महागडे दिवे लावतात, आणि ते दिवे उजळत राहिले तरी साधारण सहा ते बारा महिन्यांत त्यांचा यूव्हीबी उतरतो, म्हणून बदलत बसतात. तुमच्याकडे अंगण आहे, ते फुकटचं सोनं आहे. सकाळचं कोवळं ऊन त्याला मिळू द्या, अर्ध्या टबावर सावली ठेवून.

सावलीचं मी विदर्भासाठी मुद्दाम बजावतोय. पुस्तकात 'उन्हात ठेवा' लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्यानं नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, पाहिलेला नसतो. पारा ४५-४६ वर असताना उथळ टब उन्हात राहिला तर पाणी अंग पोळण्याइतकं तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठ-साडेआठनंतर टब कडुलिंबाखाली किंवा छपरीत. डिसेंबरात उलटं. रात्री पारा दहाच्या आसपास गेला की छोट्या टबातलं पाणी बर्फासारखं होतं, कासव खाणं सोडतं आणि घरचे म्हणतात, पोराची आठवण येते त्याला. मत्स्यालयाचा थर्मोस्टॅटवाला हीटर मिळतो, तो जाळीच्या आवरणात लावा आणि पाणी उपसण्याआधी बंद करा. लाईन जाते म्हणाल तर रात्री टब घरात घ्या, वर गोणपाट टाका. पाणी वीसच्या खाली असेल त्या दिवसांत खाऊ घालू नका.

म्हणूनच पाणी जितकं जास्त तितकं बरं, ते लवकर तापत नाही, लवकर गारठत नाही आणि लवकर घाणही होत नाही. अंदाज असा धरा की कवचाच्या दर सेंटिमीटरमागे पंधरा लिटर. दुकानात हे कासव रुपयाच्या नाण्याएवढं असतं, पण मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जाते आणि नीट ठेवलं तर वीस-तीस वर्षं जगतं. दुकानदार हे सांगत नाही. गावात काचेच्या पेटीच्या नादी लागू नका. पाचशे लिटरची जुनी प्लास्टिकची टाकी आडवी कापून सांदवाडीत मांडली तर उत्तम काम होतं. वरून जाळी मात्र पक्की हवी. मुंगूस, मांजर, कावळा, कुत्रं, सगळ्यांना त्यात रस असतो, आणि कासव स्वतःही चढून पळण्यात पटाईत असतं.

खाण्याचं थोडक्यात. बाजारात डब्यात मिळणारे वाळके झिंगे म्हणजे त्याचा चिवडा, जेवण नव्हे. नुसत्या त्यावर ठेवलेल्या कासवांचे डोळे सुजून बंद होतात, जीवनसत्त्व अ कमी पडतं म्हणून. कासवांची गोळी थोडी, बाकी हिरवा पाला. शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं-फुलं, किसलेलं गाजर, लाल भोपळा, तलावातली हायड्रिला ही पाणवनस्पती. अधूनमधून गांडूळ किंवा छोटी मासोळी. फवारणी झालेल्या शेतातला पाला किंवा किडे अजिबात नको, पऱ्हाटीच्या बांधावरचा तर नकोच. खाणं पाण्यातच टाका, कोरड्यावर ते गिळू शकत नाही. दोन वर्षांचं आहे तर एक दिवसाआड पुरे. वेचणीच्या दिवसांत तीन-चार दिवस खाणं राहून गेलं तर त्याचं काही बिघडत नाही. पाणी आणि ऊन मात्र चुकवू नका.

म्हणजे वेळ किती लागतो? सकाळी चहा होईस्तोवर. तेवढ्यात बघायचं ते असं: डोळे उघडे आणि स्वच्छ आहेत का, पोहताना एका अंगावर कलतं का, नाकातून बुडबुडे येतात का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतं का, कवचावर कुठं मऊ किंवा कुजका डाग आहे का. कलणं आणि बुडबुडे म्हणजे बहुधा फुफ्फुसाचा आजार, त्यात थांबू नका. मोठेपणी खाणं सोडून टबाच्या कडा ओरबाडायला लागली तर मादी आहे आणि अंडी घालायला माती शोधतेय असं समजा. नराशिवायही ती अंडी घालते, आणि जागा न मिळाल्यास अंडी अडकतात.

डॉक्टरांविषयी एक महत्त्वाचं. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या साहेबांचा हात गाई-बकऱ्यांवर बसलेला असतो, त्यांना दोष नाही. पण गोचिडांसाठी बकऱ्यांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला जीवघेणं ठरतं. कुणी ते टोचायला निघालं तर हात धरा. जमलं तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. ओल्या फडक्यात गुंडाळून भोकं पाडलेल्या डब्यात, पाणी न भरता. एसटीत मांडीवर डबा ठेवून सहज जातं.

हात कमी लावण्याचं आणखी एक कारण म्हणजे साल्मोनेला. हा जंतू धडधाकट कासवाच्या अंगावर, पाण्यात असतो आणि माणसाला हगवण-ताप देतो. चार इंचांहून लहान कासवं विकायला अमेरिकेत १९७५ सालीच बंदी घातली, कारण लहान मुलं ती तोंडात घालत. पाच वर्षांखालच्या पोराच्या हाती देऊ नका, प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा, टब स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नका. काढलेलं पाणी पेरूच्या, नारळाच्या बुडाशी चांगलं, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात टाकू नका.

इतर सरपटणाऱ्यांचं विचारणारे येतीलच, म्हणून सांगून टाकतो. लेपर्ड गेको ही पाल आणि बियर्डेड ड्रॅगन हा सरडा, दोघंही हात सहन करतात, पण गेको घाबरला की आपल्या घरच्या पालीसारखी शेपटी टाकतो. बॉल पायथन या अजगराला खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतो. कात टाकायच्या आधी डोळे निळसर झाले की तेव्हाही नाही. मोठा हिरवा इगुआना हा सरडा मात्र अपवाद. त्याला लहानपणापासून नियमित हाताची सवय नसेल तर पुढे नर आवरत नाही, शेपटीचा फटका आणि चावा दोन्ही जबर असतात. अजगर, इगुआना अशांची केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले.

आणि आपल्या नाल्यातलं, तलावातलं देशी कासव, चांदणी कासव, घोरपड किंवा कुठलाही देशी साप घरात ठेवायचाच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, 'लक्ष्मी येते' म्हणून वनखातं सोडत नाही. असं काही सापडलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

तुमच्या शेवटच्या ओळीवर येतो, 'नाहीच जमलं तर गावतलावात सोडू का?' नाही. ते सोडणं दयेचं वाटतं, पण हे परदेशी कासव उन्हाच्या जागा आणि खाणं बळकावतं, रोग नेतं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, युरोपीय संघानं २०१६ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आणली. भंडारा-गोंदियाकडचे जुने मालगुजारी तलाव असोत की तुमचा गावतलाव, तिथं आपली देशी कासवं आधीपासून राहतात. द्यायचंच असेल तर पाळणाऱ्या माणसाला द्या. इथंच विचारलं तर कुणीतरी निघेल.

आज फरशी टाका, आणि कवचाची लांबी टेपनं मोजून कळवा. डोक्याकडून शेपटीकडे, नुसतं कवच. जुनी टाकी कुठून, किती उंचीवर कापायची ते मी त्या मापावरून सांगतो.