दोन पिढ्यांच्या कानांसाठी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या विज्ञानश्रुतिकेचा खर्डा मी आधी मनात आणि मग मोठ्याने वाचून पाहिला, कारण जे कानासाठी लिहिले आहे ते केवळ डोळ्यांनी तपासून भागत नाही. कल्पना चांगली आहे. बेळगावातल्या शहापूरच्या विणकर घरातला तीस वर्षांचा तंत्रज्ञ २०३० साली दूरच्या ताऱ्याकडे निघतो, मागे पाच वर्षांची मुलगी राहते, आणि तो परततो तेव्हा मुलगी वयाने त्याच्या पुढे गेलेली असते. गणितही तू बरोबर केले आहेस. सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणे अतिवेगवान यानात काळ हळू सरतो; प्रकाशाच्या वेगाच्या ९८ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात सुमारे ८ वर्षे सरतात तेव्हा पृथ्वीवर ४० वर्षे उलटलेली असतात, म्हणून बाप ३८ वर्षांचा आणि लेक ४५ वर्षांची. वेग वाढवण्यात आणि कमी करण्यात जाणारा काळ तू धरलेला नाहीस. त्याचा उल्लेख एखाद्या वाक्यात करून टाक, म्हणजे जाणकार श्रोता तिथे अडणार नाही.

मात्र तुला वार्धक्याविषयी लिहायचे आहे आणि ४५ हे काही वार्धक्य नव्हे. तू वेग ९९.५ टक्क्यांवर ने. तिथे काळाचे प्रमाण जवळजवळ एकास दहा होते. यानात ७ वर्षे, पृथ्वीवर ७०. बाप ३७ वर्षांचा, लेक ७५ वर्षांची. एवढा एक आकडा बदलला की नाटक आपोआप खोल जाते, कारण आता बापाला आपल्या मुलीचे म्हातारपण पाहावे लागते, आणि हे दुःख बापाच्या वाट्याला एरवी सहसा येत नाही.

हा प्रसंग पडद्यावर दाखवायचा तर सारा भार रंगभूषेवर पडेल आणि प्रेक्षक सुरकुत्या खऱ्या वाटतात की नाही हे निरखत बसेल. श्रुतिकेत एक तरुण आवाज ‘बाळ’ अशी हाक मारतो, पंचाहत्तरीचा आवाज ‘बाबा’ म्हणून ओ देतो आणि श्रोत्याच्या अंगावर काटा येतो. आपल्या भाषेत माणसाला हाक मारल्याशिवाय बोलणेच सुरू होत नाही आणि हाक मारायची तर समोरच्याचे वय आधी ठरवावे लागते. त्याचा तू अजून पुरेसा उपयोग केलेला नाहीस. शेजारची साठीची बाई या तरुण दिसणाऱ्या माणसाला प्रथम ‘अरे’ म्हणेल. तो कोण हे कळल्यावर तिची जीभ अडखळेल आणि ती ‘अहो काका’वर येईल. त्या अडखळण्याला दोन क्षण दे. सापेक्षतेवरचे तुझे पानभर स्वगत मग काढून टाकता येईल, आणि ते काढावेच असे माझे स्पष्ट मत आहे.

तुझ्या आधी या वाटेने कोण गेले तेही पाहून ठेव. अमेरिकेच्या एनबीसी या नभोवाणी संस्थेने १९५० आणि १९५१ मध्ये ‘डायमेन्शन एक्स’ ही विज्ञाननाट्यांची मालिका आणि १९५५ ते १९५८ या काळात ‘एक्स मायनस वन’ ही मालिका प्रसारित केली. अमेरिकन विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरी यांच्या दोन कथांची नभोनाट्ये या दोन्ही मालिकांत झाली. एका कथेत यंत्रांनी सजवलेल्या खोलीवर जीव जडलेली मुले स्वतःच्या आईवडिलांच्या जिवावर उठतात. दुसरीत मंगळावर उतरलेल्या अंतराळवीरांना तिथे आपले गाव आणि केव्हाच वारलेली आजी-आजोबांसारखी माणसे भेटतात, ते मायेने घरात शिरतात आणि तीच माया त्यांचा घात करते. एकीकडे धाकट्यांची भीती, दुसरीकडे थोरल्यांच्या आठवणीची भीती. ही नाटके प्रभावी आहेत आणि तू ती ऐकावीस, पण त्यांचा भयाचा सूर उचलू नकोस. आपल्याकडे पिढ्यांमध्ये जे पडले आहे ते भयापेक्षा अंतर आहे. मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला असतो, त्याचा आवाज रोज संध्याकाळी येतो आणि माणूस वर्षातून दोनदा येतो.

मंगळाच्या त्या नाटकातून एक गोष्ट मात्र अवश्य घे. तिथे वारलेली आजी खरी आहे की नाही हे अंतराळवीरांना कळत नाही आणि श्रोत्यालाही कळत नाही, कारण श्रोत्याकडेही केवळ आवाजच असतो. रंगमंचावर प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त दिसते. श्रुतिकेत फसणारा आणि ऐकणारा एकाच अंधारात असतात. म्हणून मी तुला सुचवते की, बाप निघण्यापूर्वी आपल्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण ठेवून जातो आणि त्यावरून घडवलेले एक यंत्र पुढची सत्तर वर्षे मुलीशी बापाच्या आवाजात बोलत राहते, असे कर. तिच्या शाळेचा पहिला दिवस, लग्न, बाळंतपण, नवऱ्याचे जाणे, हे सगळे त्या यंत्राला ठाऊक आहे. खऱ्या बापाला यातले काहीच ठाऊक नाही. तो दारात उभा राहतो तेव्हा घरात एकच आवाज दोन ठिकाणांहून येऊ लागतो. दोन्ही भूमिका एकाच नटाला दे. तिने कोणाला बाबा म्हणावे, हा तुझ्या नाटकाचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मीही तुला देणार नाही.

आता त्या मुलीविषयी. खर्ड्यात तू तिला जात्यावरच्या ओव्या, चुलीचा धूर आणि विहिरीवरचे पाणी आठवायला लावले आहेस. हिशेब करून पाहा. २०३० साली पाच वर्षांची म्हणजे २०२५ चा जन्म. तुझ्या नाटकातली म्हातारी आज पाळण्यात आहे. २१०० साली तिला ज्यांच्या आठवणीने भरून येईल ते आवाज आज तुझ्या गल्लीत रोज वाजत आहेत: सकाळच्या घंटागाडीचे गाणे, आईच्या मोबाईलची घंटी, वडगाव-खासबागेतल्या यंत्रमागांची खटखट, उन्हाळ्यात वीज गेल्यावर सुरू होणारी इन्व्हर्टरची घरघर. म्हातारपण म्हणजे आपल्या आजीचेच म्हातारपण, असे धरून बहुतेक तरुण लेखक लिहितात, आणि विज्ञानकथेत ही गफलत फार महागात पडते. तुझी ही म्हातारी तुझ्याहून धाकटी आहे. तिला तिच्या काळाची म्हातारी होऊ दे. शिवाय तिला केवळ आठवणी देऊ नकोस, उद्याचे एखादे कामही दे. तिला कोणते तरी यंत्र दुरुस्त करायचे असेल, कोणाशी तरी भांडण मिटवायचे असेल, मलप्रभेच्या उगमापाशी कणकुंबीला एकदा जाऊन यायचे असेल. ज्या पात्राला उद्या काही करायचे नसते ते श्रुतिकेत पटकन ऐकू येईनासे होते.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहिते. तरुण नटाकडून कापरा आवाज काढून घेऊ नकोस. वयानुसार स्वरतंतूंचे स्नायू क्षीण होतात, श्वास तोकडा पडतो, बोलण्याची गती उतरते. पुरुषांचा आवाज बहुधा थोडा वर चढतो आणि स्त्रियांचा थोडा खाली जातो. तेव्हा तिच्या वाक्यांची लांबी तिच्या श्वासाला बेतून लिही आणि विरामाच्या जागा संहितेतच दाखव. काम खरोखर सत्तरी ओलांडलेल्या बाईंकडून करून घे. आपल्या भागात भजनी मंडळांत, कीर्तनात आणि जुन्या हौशी नाट्यसंस्थांत मुरलेले किती तरी आवाज आहेत, त्यांच्याकडे कोणी ध्वनिग्राहक घेऊन जात नाही एवढेच. आणि आवाज चेहऱ्याइतका म्हातारा होत नाही हेही ध्यानात ठेव. इंग्लंडमधली बिग फिनिश ही संस्था १९९९ पासून ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेवर आधारलेली ध्वनिनाट्ये काढते. टॉम बेकर यांनी त्या मालिकेतली मुख्य भूमिका १९८१ मध्ये सोडली होती, आणि २०१२ पासून, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत, ते त्याच भूमिकेत या ध्वनिनाट्यांतून पुन्हा ऐकू येऊ लागले. पडद्यावर हे अशक्यप्राय होते.

या सगळ्याहून महत्त्वाचा भाग कानांचा आहे आणि त्यासाठीच मी हे पत्र इतके लांबवले. तरुण कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांपर्यंतचे, ध्वनी ऐकू येतात. वय वाढते तसे वरचे ध्वनी आधी जातात. म्हाताऱ्या माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, याचे कारण स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या ध्वनींवर अवलंबून असते. जुन्या दूरचित्रवाणी संचांमधून १५,६२५ हर्ट्झचा बारीक सूर निघत असे; तो मुलांना ऐकू यायचा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना अजिबात नाही. २००५ साली वेल्समध्ये तर सुमारे १७,००० हर्ट्झच्या सुराने दुकानांसमोरच्या तरुणांना हुसकावण्याचे यंत्रच निघाले. तो वापर मला अमानुष वाटतो, पण त्यामागचे तत्त्व तुझ्या हाती आहे आणि तू त्याने माणसे जवळ आणू शकतोस.

ते असे. यंत्र बोलत असते तेव्हा त्यातून अगदी मंद, उंच असा एक सूर निघत राहू दे. पंचाहत्तरीच्या मुलीला तो ऐकू येत नाही, म्हणून सत्तर वर्षांत तिला त्याचा विसर पडला आहे. सदतिशीतल्या बापाला तो ऐकू येतो. आणि तुझ्या श्रोत्यांपैकी नातवंडांना तो ऐकू येईल, आजी-आजोबांना येणार नाही. याउलट, दोघांपैकी खरा बाप कोण हे ठरवण्यासाठी मुलगी एक जुने मुद्रण लावते, त्यात काही न सांगता नुसता हातमाग वाजू दे. बापाने तो आपल्या आजोबांच्या घरी ऐकलेला आहे. यंत्राला तो कोणी शिकवलेला नाही. तो आवाज शहापुरातले आजचे आजोबा क्षणात ओळखतील आणि नातवाला ती नुसती खटखट वाटेल. म्हणजे कोण यंत्र आहे हे घरातल्या धाकट्यांना आधी कळते, कोण खरा आहे हे थोरल्यांना आधी कळते, आणि पुरती गोष्ट कळण्यासाठी दोघांनी एकमेकांना विचारावे लागते. श्रुतिका कोणत्याही एका पिढीला एकट्याने पुरी ऐकू येऊ नये, एवढी माझी तुझ्याकडून अपेक्षा आहे.

तांत्रिक काळजी मात्र घे. ध्वनिफिती लहान करताना सुमारे १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग पुष्कळदा छाटला जातो आणि मोबाईलच्या कर्ण्यांतून उंच सूर नीट निघत नाहीत, म्हणून सूर ११,००० ते १२,००० हर्ट्झच्या आसपास ठेव, आणि तो मोठा करू नकोस. लहान मुलांच्या कानांना त्रास होता कामा नये. संवादाखाली पार्श्वसंगीत पसरण्याचा मोहही आवर. उतारवयात शब्द वेगळे काढण्याची कानाची ताकद गलबल्यात सर्वांत आधी हरते, आणि यंत्रमागांच्या खोलीत उभा जन्म काढलेल्यांचे कान त्याहूनही लवकर थकतात. म्हाताऱ्यांवरचे नाटक म्हाताऱ्यांनाच कळले नाही तर ते करायचे कशाला? धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० पासूनचे. तेव्हापासून आपल्या कित्येक घरांनी तिथली कानडी आणि पुढे सांगलीची मराठी नाटके मध्यम लहरींवर ऐकली. त्या प्रक्षेपणात सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही पोहोचत नसे, आणि नटांचे उच्चार इतके स्वच्छ असत की वाक्य न वाक्य कळे. तो कस तुझ्या नटांकडून करून घे.

शेवटी आपल्या सीमाभागाचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या वेळी विशीत असलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे आणि त्याची पणतवंडे कानडी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांतल्या पुष्कळांना मराठीचे छापील पान सलग वाचता येत नाही. आजोबांना मोतीबिंदूमुळे ते दिसत नाही. पण दोघांनाही मराठी ऐकून पूर्ण कळते. म्हणून इथे श्रुतिका हा प्रकार मला कादंबरीपेक्षा अधिक निकडीचा वाटतो, आणि तू गोष्ट न लिहिता श्रुतिका लिहायला घेतलीस याचा मला मनापासून आनंद आहे. एवढेच पाहा की सत्तर वर्षांनंतरच्या बेळगावात पणतू कानडीतून उत्तर देतो म्हणून त्याला कृतघ्न ठरवू नकोस आणि मराठीसाठी तुरुंगात गेलेल्या पणजोबांना हेकट ठरवू नकोस. २१०० सालच्या त्या घरात दोन्ही भाषा असतील, तर त्या तशाच ऐकव. कानडी वाक्याचा अर्थ पुढच्या मराठी उत्तरातून उमटू दे. निवेदकाकडून भाषांतर करवू नकोस, कारण आपल्या घरांत कोणी कोणासाठी भाषांतर करत बसत नाही.

दुसरा खर्डा करण्यापूर्वी एक काम कर. पहिला प्रवेश एखाद्या सत्तरीच्या बाईंकडून आणि एखाद्या तरुणाकडून साध्या मोबाईलवर वाचून घे, घरातल्या सर्वांत थोरल्या आणि सर्वांत धाकट्या माणसाला एकत्र बसवून ऐकव, आणि ते मध्येच एकमेकांना काय विचारतात ते टिपून ठेव. ती टिपणे खर्ड्याबरोबर मला पाठव. हातमागाच्या मुद्रणासाठी मी शहापुरात दोन घरी शब्द टाकला आहे. त्यांच्याकडचा माग अजून चालतो, आणि दिवाळीआधी आपण दोघे तिथे जाऊ.

कळावे, लोभ आहेच.